परिसरात काम करतेय, आता महापालिकेची निवडणूक लढवावी का?

चाफेकळी

पुण्याच्या पश्चिम भागात राहते. आमच्या रस्त्यावरच्या सोसायट्यांचा एक गट आहे. ओला-सुका कचरा वेगळा करण्यापासून सुरुवात झाली. मग सोसायटीच्या आवारात खताचे खड्डे, पदपथावरची झाडं, पावसाळी गटारं, बंद पडलेले दिवे, शाळेसमोरचा गतिरोधक अशी कामं येत गेली. क्षेत्रीय कार्यालयातले बरेच कर्मचारी आता मला नावानं ओळखतात. मोहल्ला कमिटीच्या बैठकांना जाते. नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक पुण्यात २००६ पासून आहे, त्यात दरवर्षी आमच्या भागाचे अर्ज भरते.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते. त्या काळात विचारायला नगरसेवकच नव्हता, त्यामुळे लोक आमच्याकडेच यायचे. जानेवारी २०२६ ची निवडणूक झाली तेव्हापासून गटातले लोक म्हणताहेत, "पुढच्या वेळी ताई, तुम्ही उभ्या राहा."

हे मी मनावर घेतलंय. महापालिकेत ठराव होतो तिथे आमच्यासारखं कुणी बसलेलं नसतं, म्हणून तीच तीच कामं दरवर्षी मागावी लागतात असं मला वाटतं. पण कशात पाय टाकतेय हे नीट समजून घ्यायचंय. अपक्ष की पक्षातून? हरले तर आजवरच्या कामाचं काय होतं? इथे कुणी हे केलंय का, जवळून पाहिलंय का?

पाणवठा

नक्की उभ्या राहा. अशी माणसं मागे राहतात म्हणून बाकीचे पुढे जातात. शुभेच्छा!

दगडफूल

चाफेकळी, मीही पुण्याचाच. २०१७ ला आमच्या भागातल्या एका सज्जन गृहस्थांसाठी अपक्ष म्हणून प्रचार केला होता. नदी, टेकडी, बसथांबे या विषयांवर त्यांचं खूप काम होतं. ते पडले. का पडले ते सांगतो, कारण अजून पाच वर्षं हातात असताना हे कळलेलं बरं.

मुंबई सोडली तर आपल्याकडच्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ जागा, म्हणजे जवळपास सगळे प्रभाग चार जणांचे. एका प्रभागाची लोकसंख्या सरासरी ८४ हजारांच्या आसपास पडते, तीही २०११ च्या जनगणनेची. तुमचा रस्ता, तुमच्या सोसायट्या, तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप हे सगळं मिळून त्यातला कोपरा आहे. आमच्या उमेदवारांना त्यांच्या दोन पेठांत भरभरून मतं पडली. ओढ्यापलीकडे त्यांचं नावच कुणाला माहीत नव्हतं.

त्यात मतदाराला प्रभागातल्या अ, ब, क, ड या चार जागांसाठी चार मतं द्यायची असतात. चारही दिली की मतदान पूर्ण. पक्षांचं पॅनल असतं, म्हणजे चारही जागांवर एकाच चिन्हाचे उमेदवार. मतदार एक चिन्ह डोक्यात घेऊन आत जातो आणि चारदा तेच शोधतो. अपक्षाला चिन्ह मिळतं अर्ज माघारी घेण्याची मुदत संपल्यावर. मग उरलेल्या मोजक्या दिवसांत एवढ्या घरांत ते पोचवायचं. आम्ही रात्री दीडपर्यंत पत्रकं वाटायचो आणि सकाळी एखादी आजी विचारायची, "बाळा, तुझं चिन्ह कुठलं म्हणालास?"

उभ्या राहू नका असं म्हणत नाही. पण प्रभागाची मतदारयादी आजच मिळवा आणि अनोळखी पानांपासून वाचायला घ्या.

भिडस्त

माझं मत विरुद्ध आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

आज तुम्ही कार्यालयात जाता तेव्हा अधिकाऱ्याला माहीत असतं की या बाईंना स्वतःसाठी काही नकोय. तुमचं वजन तेवढ्यामुळेच आहे. उमेदवारी जाहीर झाली की त्याच खड्ड्याच्या तक्रारीकडे तो वेगळ्या नजरेनं बघणार. विद्यमान नगरसेवक तुमचं पत्र अडवणार. ज्या सोसायटीत आज सगळ्या पक्षांचे लोक एकत्र बसून खत चाळतात, तिथे दोन तट पडणार. आमच्याकडे असंच झालं. उत्तम चाललेला ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा एका निवडणुकीत फुटला, तो नंतर जुळला नाही.

नागरिकांचा दबावगट ही स्वतंत्र ताकद आहे. माहितीचा अधिकार आहे, २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ते वापरून बाहेर राहून जास्त होतं.

चाफेकळी

दगडफूल, ओढ्यापलीकडचं वाचून थांबले. आमच्या प्रभागातही असा एक "पलीकडे" आहे.

भिडस्त, गट फुटण्याची भीती मलाही आहे. पण बाहेर राहून मागत राहायचं, याला काही शेवट आहे का? आम्ही सुचवलेली कामं अंदाजपत्रकात येतात आणि वर्षाअखेरीस तो निधी दुसरीकडे वर्ग होतो. तो वर्ग करण्याचा ठराव होतो तेव्हा विरोधात हात वर करणाऱ्यांत मला असायचंय.

घाटकोपरकर

मुंबईचा अनुभव लिहितो. आमच्या घाटकोपरच्या जोशी लेनमधूनच ती वस्तीपातळीवरच्या व्यवस्थापनाची चळवळ सुरू झाली, जिला सगळे एएलएम म्हणतात. महापालिकेनं ती १९९७ पासून मुंबईभर नेली. रहिवाशांनी कचरा वेगळा करायचा, गल्ली नीट ठेवायची आणि पालिकेनं एक अधिकारी नेमून द्यायचा. पुढे त्यातल्याच लोकांना प्रश्न पडला की आपणच उमेदवार का देऊ नये? २००७ मध्ये जुहूत ॲडॉल्फ डिसूझा हे नागरिकांचे उमेदवार म्हणून निवडून आले. कुठल्याही पक्षाचे नाहीत. त्यामुळे हे घडत नाही असं कुणी म्हणू नये.

पण मुंबईत एका प्रभागात एकच जागा. २२७ प्रभाग, २२७ नगरसेवक. तिथे एका माणसाला एका भागात ओळख बांधता येते. पुण्यात चार जणांच्या पॅनलसमोर तेच करणं अवघड, इथे मी दगडफूल यांच्याशी सहमत.

टपोरा_पाऊस

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसतं, तिथे तुम्हाला लोक नगरसेवक करायला निघालेत! आधी त्या सगळ्यांकडून लेखी घ्या की मतदानाच्या दिवशी महाबळेश्वरला जाणार नाही म्हणून.

दगडफूल

टपोरा_पाऊस :-) पण हे खरंच आहे. सोसायट्यांमधलं मतदान वस्त्यांपेक्षा कमी, असं आमच्या बूथवर बसून स्वतः पाहिलंय.

मोगरा_अंगणी

मी नगरपरिषदेत एक मुदत सदस्य होते. पश्चिम महाराष्ट्रातलं लहान गाव, नाव लिहीत नाही. बचत गटातून आले. जागा महिला राखीव झाली आणि गटातल्या बायकांनी मला पुढे केलं. २०११ पासून आपल्याकडे स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत. ते नसतं तर मला कुणी विचारलंही नसतं, हे मी कुठेही सांगते.

पहिले कित्येक महिने फोन माझ्या मिस्टरांना यायचे. "साहेब, वहिनींची सही पाहिजे होती." मिस्टर चांगले आहेत, त्यांनी फोन माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. मग लोकांना सवय झाली. शेजारच्या प्रभागातल्या सदस्याबाई मुदत संपेपर्यंत सभेत एकदाही बोलल्या नाहीत. सभेच्या दिवशी त्यांचे पती बाहेर गाडीत बसून असायचे. त्या बाई हुशार होत्या, बचत गटाचा हिशोब तोंडी करायच्या. त्यांचं मला अजून वाईट वाटतं.

आता कामाचं. निवडून येण्याआधी मला वाटायचं की सभेत चांगला मुद्दा मांडला की काम होतं. विषयपत्रिका यायची तीच जाडजूड, सभेच्या तोंडावर. त्यात चाळीस विषय, अर्धे "मागील खर्चास कार्योत्तर मंजुरी". मंजूर, मंजूर करत गाडी सुटते. कुठला विषय थांबवून विचारायचा हे आधी घरी बसून ठरवलेलं असेल तरच काही हाती लागतं. मी निविदांची कागदपत्रं मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी मागायला लागले. पाण्याच्या टाकीच्या एका कामाचं मोजमाप पुस्तक, म्हणजे किती काम झालं याची नोंदवही, मागितलं तेव्हा पहिल्यांदा सभागृहात सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. ते काम पुन्हा मोजलं गेलं आणि बिल कमी झालं.

आणि एकटीनं काहीही होत नाही. ठरावाला अनुमोदक लागतो, मंजुरीला बहुमत लागतं. ज्यांच्या विरोधात निवडून आलात त्यांच्यातल्याच दोघा-तिघांशी बोलणं ठेवावं लागतं. हे करताना तुमच्याच गटातल्या बायका म्हणतात, "त्यांच्याबरोबर चहा कशाला घेतलात?" हे सोसायची तयारी ठेवा. मला सगळ्यात जड गेलं ते हेच.

पाणवठा

मोगराताई, असं आतून लिहिलेलं फार क्वचित वाचायला मिळतं.

सागरवेळ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे पंचायत निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. मागची २०२२ च्या ऑगस्टमध्ये झाली. वॉर्ड लहान, पंच घरोघर ओळखीचा, आणि सरपंच पंचांमधून निवडला जातो. पडद्यामागे आमदाराचं पॅनल असतं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी गावात काम केलेला माणूस स्वतःच्या जोरावर पंच होऊ शकतो.

आमची खरी ताकद मात्र ग्रामसभा. रविवारी सकाळी लोक येतात आणि पंचांना उभं करून विचारतात. मोठमोठ्या प्रकल्पांना ग्रामसभांनी अडवलंय. शहरांत तुमच्याकडे असं काही आहे का?

घाटकोपरकर

सागरवेळ, कायद्यात आहे. महाराष्ट्रात २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली. मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांची सभा, नगरसेवक अध्यक्ष. प्रत्यक्षात ती भरलेली मी पाहिलेली नाही. चाफेकळी, निवडून आलात तर पहिलं काम हे करा. ती भरवायला नगरसेवकाला पक्षाच्या परवानगीची गरज नाही.

वडाची_पारंबी

सगळे सोसायट्यांच्या बाजूनं बोलताहेत म्हणून लिहिते. मी वस्तीत वाढले, अजून तिथेच अंगणवाडीच्या कामात आहे.

ताई, तुमच्या यादीत खत, झाडं, पदपथ, गतिरोधक आहे. आमच्या यादीत पहाटे चारला येणारं पाणी, सार्वजनिक शौचालयाचं तुटलेलं दार आणि ड्रेनेजचं चेंबर आहे. दोन्ही कामं महापालिकेचीच. पण तुमच्या गटानं पदपथ मोकळा करा म्हणून पत्र दिलं असेल, तर त्या पदपथावर माझी मावशी भाजी विकते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं तिला हक्क दिलाय. शहराच्या पथविक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावेत असं त्यात आहे. तुम्ही नगरसेवक झालात तर तुम्ही तिच्याही नगरसेवक.

आम्ही पैसे घेऊन मत देतो असं सोसायट्यांमध्ये सर्रास बोलतात. आमच्याकडे जो माणूस रात्री दोनला दवाखान्यात गाडी घेऊन येतो त्याला मत मिळतं. तो कुठल्या पक्षाचा आहे, त्याच्यावर काय गुन्हे आहेत, हे त्या रात्री कुणी विचारत नाही. तुम्हाला त्याच्या जागी उभं राहायचं असेल तर त्या रात्री फोन उचलावा लागेल.

भिडस्त

वडाची_पारंबी, पण नगरसेवकाचं काम गाडी पाठवणं नाही, दवाखाना नीट चालवायला लावणं आहे. गाडी पाठवणाऱ्यांमुळेच दवाखाने सुधारत नाहीत.

वडाची_पारंबी

बरोबर आहे. पण दवाखाना सुधारेपर्यंत मधल्या रात्री आम्ही काय करायचं?

मोगरा_अंगणी

दोन्ही करावं लागतं. मी रुग्णवाहिकेचा नंबर घरोघर दिला आणि ती वेळेत आली नाही की दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार केली. त्यातल्या काही तक्रारी सभेपर्यंत गेल्या.

झेंडूची_माळ

मी एका पक्षात प्रभाग पातळीवर काम करतो. पक्षाचं नाव महत्त्वाचं नाही, सगळीकडे सारखंच आहे.

लोक पक्षाला नावं ठेवतात, पण मतदानाच्या दिवशी प्रत्येक बूथवर सकाळी सातपासून बसणारा माणूस अपक्ष कुठून आणणार? यादी घेऊन कोण आलं, कोण राहिलं, कुणाला घरून आणायचं हे बघणारा? मतमोजणीला टेबलावर बसणारा? हे लोक वर्षानुवर्षं तयार केलेले असतात. खेळ पैठणीचा आणि देवदर्शनाच्या बसगाड्या लोकांना दिसतात, हे काम दिसत नाही.

वाईट बाजूही सांगतो. तिकीट कामावर मिळतं असं नाही. आमच्यातला एक जण दहा वर्षं प्रभागात राबला. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, आदल्या रात्री पक्षात आलेल्या माणसाच्या हातात पडला. त्यामुळे पक्षात आलात तर तुमचा गट आणि तुमची ओळख पक्षाबाहेरही जिवंत ठेवा.

आणि आरक्षण. दर निवडणुकीला सोडत निघते. तुमच्या प्रभागात त्या वेळी कुठल्या जागा कुठल्या प्रवर्गाला जातील हे आज कुणीच सांगू शकत नाही. प्रभागरचनाही बदलू शकते. एकाच नावावर सगळं बांधू नका. गटातून तीन-चार जण तयार करा, मग सोडत कशीही निघो.

दगडफूल

शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. आमच्या उमेदवारांच्या बाबतीत हा विचारच झाला नव्हता.

हिशोबनीस

उमेदवारांची कागदपत्रं करून देणं हे माझं काम आहे, म्हणून तेवढंच लिहितो.

वय २१ पूर्ण आणि त्या शहराच्या मतदारयादीत नाव. ज्या प्रभागात राहता तिथूनच लढायला हवं असं नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं किंवा त्यापुढचं अपत्य झालं असेल तर अपात्र. महापालिकेची थकबाकी नसावी आणि मिळकतकर, पाणीपट्टी हे कुटुंबाच्या नावावर असलं तरी बघून घ्या, ऐन वेळी यावरच धावपळ होते. महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध नको. राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम निवडणूक लागण्याची वाट न बघता आधीच सुरू करा. शपथपत्रात मालमत्ता, कर्जं, गुन्हे, शिक्षण सगळं येतं आणि ते सगळे वाचतात, सासरचेही.

खर्चाची मर्यादा मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या महापालिकेत १५ लाख आहे. एवढा खर्च करायलाच हवा असा त्याचा अर्थ नाही. वेगळं बँक खातं, रोजचा रोज हिशोब. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब दिला नाही तर राज्य निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हरलेले उमेदवार हे विसरतात आणि पुढच्या वेळी त्यांचा अर्ज छाननीतच जातो.

दूरदेशी

न्यू जर्सीत राहतो. इथे बरेच मराठी लोक शाळेच्या कामात स्वयंसेवक असतात. आमच्या ओळखीच्या एक बाई पालकसंघातून स्थानिक शिक्षण मंडळावर निवडून गेल्या. अर्जावर मोजक्या मतदारांच्या सह्या पुरतात, पक्ष नाही, मानधन नाही, मुदत तीन वर्षांची. त्या पहिल्यांदा हरल्या. हरल्यानंतर मंडळाची एकही बैठक त्यांनी चुकवली नाही. प्रेक्षकांत बसायच्या आणि अंदाजपत्रकावर प्रश्न विचारायच्या. दुसऱ्या वेळी लोकांना त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही.

परिस्थिती फार वेगळी आहे, मान्य. पण "हरले तर कामाचं काय" या प्रश्नावर मला त्या आठवल्या.

टपोरा_पाऊस

हिवरे बाजारचं कुणीच कसं काढलं नाही? पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि पाण्याचं काम उभं राहिलं.

भिडस्त

गाव वेगळं, ८४ हजारांचा प्रभाग वेगळा. हिवरे बाजारात सगळं गाव एका झाडाखाली बसू शकतं. तसंही तिथे आधी गाव एक झालं, मग सरपंच. चाफेकळींच्या प्रभागात ओढ्याच्या दोन बाजू अजून एकत्र बसलेल्याच नाहीत.

मी सुरुवातीला नको म्हणालो होतो. अजूनही आत्ताच उमेदवारी जाहीर करू नका असंच म्हणेन. पण मोगराताईंचं मोजमाप पुस्तक वाचल्यावर आत बसणारं कुणीतरी हवं हे मान्य करतो. बाहेरून माहिती अधिकारात तेच पुस्तक मिळेपर्यंत बिल निघून गेलं असतं.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वाचतेय, काल गटाच्या बैठकीत काही प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले.

वडाची_पारंबी, पदपथ मोकळा करण्याचं पत्र आम्ही खरंच दिलं होतं. त्यावर बैठकीत बराच वाद झाला. पुढच्या रविवारी आमच्यातले काही जण ओढ्यापलीकडे जाऊन तिथल्या बचत गटांना भेटणार आहोत. मत मागायला नाही, पाण्याच्या वेळा आणि शौचालयाचं काय चाललंय ते ऐकायला. नागरिकांच्या अंदाजपत्रकात या वेळी त्यांच्या भागातले अर्ज त्यांच्याबरोबर बसून भरायचे, एवढं ठरलंय.

झेंडूची_माळ, एकाच नावावर बांधू नका हेही पटलं. गटातून चार जण सभेचं कामकाज शिकायला तयार झालेत. त्यात एक रिक्षाचालक आहेत आणि एक कॉलेजातली मुलगी.

अपक्ष की पक्ष, हे आज ठरवत नाही. एक प्रश्न राहिला. प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी घेण्याची तरतूद कायद्यात आहे. निवडणूक न लढवता तिथून सुरुवात करण्यात अर्थ आहे का?

झेंडूची_माळ

अर्थ आहे. पण ती नावं नगरसेवक ठरवतात, म्हणून तिथेही बहुतेकदा पक्षाचीच माणसं बसतात. संस्था नोंदणीकृत असेल तर अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्या. नाव घेतलं नाही तर कारण लेखी मागा.

मोगरा_अंगणी

अर्ज कराच. त्याची वाट बघत बसू नका. मागच्या वर्षभराच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मिळवा, चौघांत वाटून घ्या आणि तुमच्या प्रभागाचं नाव जिथे जिथे येतं तिथे खूण करा. कुठलं काम किती वेळा तहकूब झालं, कुठला निधी कुठे गेला, हे त्यातच असतं. भाषा सुरुवातीला डोक्यावरून जाते. अडलं की इथेच विचारा, मी उत्तर देईन. ओढ्यापलीकडच्या बचत गटातली एखादी वाचायला बसत असेल तर तिलाही बरोबर घ्या.

वडाची_पारंबी

रविवारी सकाळी अकरानंतर या. त्याआधी बायका पाणी भरत असतात.